ओल्या जागेवरचा ढब्बू

मित्रांनो, मी एक जुना लोकरी गालिचा आहे. चिखलाची पावले, सांडलेला चहा, रंगीत खडू, सगळे मी सोसले आहे. पण एका दुपारी मी जे पाहिले, त्याच्या धक्क्यातून मी अजून सावरलेलो नाही.

दोन बहिणींनी मागावर गाठ गाठ मारून मला विणले. रंग डाळिंबी, किनार पांढरी. या घरात आलो तेव्हा माझे कोण कौतुक! मग ढब्बू नावाचे कुत्र्याचे पिल्लू आले आणि पहिल्याच दिवशी त्याने माझ्यावर कार्यक्रम उरकला. मी हादरलो. त्याहून हादरलो ते बाबांमुळे! त्यांनी कढत पाणी ओतून मला ब्रशने खसाखसा घासले. लोकर आखडली, रंग किनारीवर उतरला.

"अहो, गालिचा आहे तो, कढई नाही!" आई ओरडली.

तिने कोरडे फडके दाबून ओल टिपली, गार पाण्यात थोडे व्हिनेगर घालून मला पुसले आणि पंख्याखाली वाळवले. ढब्बूही लवकरच शहाणा झाला. पुढे कित्येक वर्षे त्याने माझ्यावर एक थेंब सांडला नाही.

पण अलीकडे पुन्हा डाग पडू लागले, तेही आजोबांच्या आरामखुर्चीसमोर. आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणतात. "ढब्बू म्हातारा झाला," असे घरात ठरून गेले. मलाही ते खरे वाटले.

त्या दुपारी अण्णा झोपेतून जागे झाले. घाईने उठू लागले, पण गुडघ्यांनी दगा दिला आणि मी ओला झालो. अण्णांनी दाराकडे पाहिले. मग ढब्बूला चुचकारून बोलावले आणि त्याच ओल्या जागेवर बसवले.

"बस रे राजा. जरा इथंच बस."

ढब्बू शेपूट हलवत बसला. मी सुन्न झालो. ज्या अण्णांनी त्याला लहानपणी बाटलीने दूध पाजले, तेच अण्णा! मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो.

आई आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "ढब्ब्या, परत? आता पुरे झालं. माझ्या दादाला सांगते, घेऊन जा याला शेतावर."

चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुसऱ्या दिवशी आईचा भाऊ पट्टा घेऊन आला. घरात आरडाओरडा झाला, तसा ढब्बू घाबरला आणि धावत येऊन त्याच जागेवर बसला, अण्णांनी शिकवल्यासारखा. शेपूट हलवत त्यांच्याकडे पाहू लागला.

अण्णांनी हात आडवा केला. "त्याला नेऊ नका. तो नाही... मीच. लाज वाटत होती गं, सूनबाई."

मग आईने भावाच्या हातातला पट्टा काढून घेतला. "दादा, तू बस, चहा टाकते," असे म्हणून ती अण्णांपाशी टेकली. "मला सांगायचं ना हो, अण्णा."

आता अण्णांची खुर्ची न्हाणीघराजवळ आहे आणि त्यांच्यावर औषधोपचार चालू आहेत. मित्रांनो, लोकरीवर ओल पडली तर घासू नका, आधी हळूच टिपा. आणि मुक्या जिवावर आळ घेण्याआधी नीट पाहा.

ढब्बू मात्र अजूनही रोज दुपारी त्या जुन्या जागेवर येऊन बसतो. जागा कोरडी असते. त्याला कोणी ऊठ म्हटलेच नाही ना.