नारिंगी डिस्कवरचे नाव

मुलुंड पूर्वेच्या त्या मोकळ्या भूखंडावरची डिस्क गोल्फची शेवटची बास्केट, म्हणजे खांबावरची साखळ्यांची टोपली, शिरीषाच्या झाडाआड, उजव्या अंगाला होती आणि तिच्यापलीकडे नाला. दवाने ओल्या झालेल्या गवतात बसून सुबोध मांडीवरच्या दोन डिस्क, त्या टोपलीत फेकायच्या प्लास्टिकच्या चकत्या, न्याहाळत होता. दोन्ही अंडरस्टेबल, म्हणजे त्याच्या उजव्या हातातून सुटल्या की उजवीकडे झुकणाऱ्या. ताकदीचे खेळाडू अशा डिस्कना नाक मुरडतात. सुबोधच्या हातात तेवढा वेग कधीच नव्हता.

निळी डिस्क देवव्रतची. त्यानेच सुबोधला हा खेळ शिकवला होता. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी कॅनडाला जाताना तो म्हणाला होता, "आता ही तुझी. नाव बदलून घे." सुबोधने ते बदलले नव्हते. झाडांवर आपटून तिची कड झिजली होती आणि झिजेल तशी ती अधिकच वळू लागली होती. नारिंगी डिस्क त्याने महिन्यापूर्वी स्वतः घेतली; कमी वळणारी, खालून अजून कोरी. डिस्कच्या खालच्या बाजूला मालकाने नाव आणि फोन नंबर लिहायचा, हा या खेळातला रिवाज. बिननावाची डिस्क हरवली तर ती सापडेल त्याची.

आज बंगळुरूच्या स्पर्धेला जाणारी जोडी ठरणार होती. जोडीतल्या दोघांनी फेकायचे आणि ज्याची डिस्क बऱ्या जागी पडेल, तिथून दोघांनी पुढे खेळायचे. आतापर्यंत बरोबरी होती. मिथुन आणि ऋतिका यांनी ही शेवटची बास्केट तीन फेकींत गाठली होती. सुबोध आणि संघमित्रा यांना ती दोनांत गाठायला हवी होती, आणि संघमित्राची पहिली फेक बुंध्यावर आदळून तिथेच पडली होती.

सुबोध निळी डिस्क घेऊन उठला.

"ए, वारा समोरून आहे," संघमित्रा म्हणाली. "निळी पार उलटेल. थेट नाल्यात."

"माहितीये."

"माहितीये तर उचललीस कशाला?"

वारा नसता तर निळीच योग्य होती. पण वारा होता, आणि समोरच्या वाऱ्यात अशी डिस्क आणखी वळते हे सुबोधला देवव्रतनेच शिकवले होते. तरी हात तिच्याकडेच गेला होता. दोन वर्षे फेक चुकली की तो म्हणत आला होता, देवव्रतची जुनी डिस्क आहे, झिजलीये. सगळे मान डोलवत. नारिंगी चुकली असती तर मात्र ती त्याचीच चूक ठरली असती.

त्याने निळी गवतावर ठेवली. "मार्कर आहे तुझ्याकडे?"

"आत्ता?" संघमित्राने पिशवीत हात घातला. "धर. पटकन लिही."

"बारसं करतोयस का रे?" मिथुन ओरडला. "घुगऱ्या कुठायत?"

"आधी पाळणा हलू दे," ऋतिका हसली.

सुबोधने शर्टाला पुसून नारिंगी डिस्क कोरडी केली, तिच्यावर आपले नाव लिहिले, खाली नंबर. मग उभा राहिला आणि फेकली. डिस्क वाऱ्यात थोडी उचलली गेली, क्षणभर सरळच चालली, आणि झाडाजवळ पोहोचल्यावर संथपणे उजवीकडे कलली. पडली ती बास्केटपासून दहा पावलांवर, नाल्याच्या अलीकडे.

"झकास!" संघमित्रा धावत पुढे गेली. तिथून तिने फेकलेली डिस्क बास्केटच्या कडेला लागून खाली पडली. ती स्वतःवरच चरफडली. "आता तूच बघ."

एवढ्या जवळून वाऱ्याचे फारसे चालत नाही आणि वळायला डिस्कला अंतरच उरत नाही. सुबोधने या वेळी निळी घेतली, कारण तिची झिजलेली कड त्याच्या बोटांच्या सवयीची होती. साखळ्या खणखणल्या. डिस्क आत बसली.

"वाट लागली यार आमची," मिथुन म्हणाला आणि त्याने सुबोधच्या पाठीत धपाटा घातला.

बास्केटमधून निळी काढून सुबोध नारिंगी आणायला गेला. शाई वाळण्याआधीच फेकल्यामुळे ओल्या गवताने नंबरातले शेवटचे दोन आकडे पुसून टाकले होते. तो तिथेच उकिडवा बसला, डिस्क पुन्हा कोरडी केली आणि आकडे नव्याने लिहिले. मग फुंकर घालत ते वाळेपर्यंत थांबला.