पाळण्यावरचा चिमटा

"चिमटा नीट आडवा ठेवला असतास, तर त्यांनी आपलं पोर बदलून नेलं नसतं!" चुलीशी बसलेल्या मार्गेड पुटपुटल्या. त्यांची सून लाउरी पोराला भरवत राहिली.

मित्रांनो, तो चिमटा म्हणजे मी. वेल्सच्या डोंगरातल्या त्या घरातला जुना, लोखंडी. लोहाराने मला आणि दारावरच्या घोड्याच्या नालेला एकाच लोखंडातून घडवलं. ती दारावर चढली, मी निखाऱ्यात गेलो. येणारा-जाणारा तिला हात लावून नमस्कार करी. तिला लोणी चोळून चकचकीत ठेवत, माझ्यावर काजळीची पुटं. हेव्याने मी नुसता जळे. चिमट्याला त्याची सवयच असते म्हणा.

मग लाउरीचा इथेल जन्मला. टेकडीतली अदृश्य मंडळी माणसांची बाळं चोरतात, आपली ठेवून जातात, आणि लोखंडाला भितात. म्हणून मला पाळण्यावर आडवं ठेवलं. मी दाराकडे ऐटीत पाहिलं!

पण इथेल रांगला, चालला, तरी हाकेला वळेना, बोलेना.

"हा आपला नव्हेच," शेजारीण म्हणाली, "नालेचं काय चुकलं? ती राखत होती. चिमटा झोपला." आणि जाता जाता नालेला कुरवाळून गेली. मेली!

मार्गेडनी ठरवलं, पोराला ओढ्याकाठी बर्फात ठेवायचं. रडलं की ती मंडळी त्यांचं पोर नेतील, आपलं परत देतील. मार्गेडना एक धाकटा भाऊ होता म्हणे. त्याचं नाव त्या घरात कुणी काढत नसे.

सकाळी त्यांनी इथेलला घोंगडीत गुंडाळून दाराशी बसवलं.

"घ्या, हाही न्या तुमचा चिमटा!" लाउरीने मला चुलीच्या दगडावर आपटलं.

केवढा खणखणाट! कुत्रा पळाला, मार्गेडनी कान झाकले. पाठमोरा इथेल मात्र घोंगडीची दशी ओढत खेळतच राहिला.

लाउरीने पाहिलं. मला उचललं, त्याच्या पाठीमागे दगडावर पुन्हा आपटलं. पुन्हा. माझा एक पाय वाकला. नालेकडे पाहायचं मी त्या दिवशी प्रथमच विसरलो.

मित्रांनो, हाकेला न वळणाऱ्या पोराला परकं म्हणू नका. आधी त्याच्या समोर जाऊन बसा.

मार्गेड तशाच जाऊन बसल्या. इथेल त्यांच्याकडे पाहून हसला.

"माझ्या भावाला, ग्विनलाही ऐकूच येत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "त्याला कुणी बदललं नव्हतं. आम्हीच त्याला ओढ्यावर ठेवून आलो."