खेचराच्या दाताचे दोन सुळके

पायथ्यापासून ऑर्विल तिच्या टाचेला टाच लावून चालत होता, आणि व्हर्नाला वाटत होतं, म्हातारा मुद्दाम छळतोय.

"जरा अंतर ठेव की. दगड सुटला तर तुझ्याच नडगीवर येईल."

"बाईमाणसाची चाल! मागे राहायचं म्हटलं तर झोप येते मला," ऑर्विल म्हणाला.

व्हर्ना अडुसष्ट वर्षांची, तो चौऱ्याहत्तरचा. नेवाडाच्या वाळवंटातले पंच्याण्णव ओसाड डोंगर गिर्यारोहण मंडळाच्या यादीत होते, आणि ते सगळे चढलेली पहिली बाई म्हणून सव्वीस वर्षं व्हर्नाचं नाव घेतलं जात होतं. तिचा शेवटचा डोंगर हाच, खेचराचा दात. त्याला दोन सुळके, उत्तरेचा आणि दक्षिणेचा. नकाशावर दोघांची उंची एकच छापलेली. चढणाऱ्यांच्या सह्यांची वही ठेवलेला डबा उत्तर सुळक्यावर होता, म्हणून सगळे तिथे सही करून उतरत. तेव्हा कुणाला शंका आली नव्हती. टोप्या फेकल्या होत्या सोबतच्या पोरांनी, पाकातले पीच बोटांनी खाल्ले होते. त्या पाकाची चव व्हर्नाच्या जिभेवर अजून होती.

दोन वर्षांनी ऑर्विल आणि त्याची बायको अर्लीन आले, यादीतला त्यांचाही हा शेवटचाच डोंगर. त्यांनी दोन्ही सुळके गाठले, दक्षिणेवर दुसरा डबा ठेवला, आणि तेव्हापासून ऑर्विलनं एकच धोशा लावला: दक्षिण उंच आहे, व्हर्ना माथ्यावर गेलीच नाही, पहिली बाई अर्लीन. मंडळाच्या पत्रिकेत दरवर्षी त्याचं पत्र. व्हर्नाही दरवर्षी उत्तर द्यायची, झोंबेल असं. गेल्या हिवाळ्यात अर्लीन वारली. आता मंडळ यादी पुरी करणाऱ्यांच्या नावांचा फलक करणार होतं. वैतागलेल्या समितीनं कळवलं, दोघं मिळून जा, मोजा, आणि एकाच कागदावर सह्या करून आणा.

उत्तर सुळक्यावर पोचायला त्यांना दीड दिवस लागला. वर सावली अशी नव्हतीच. काटेरी झुडपांनी दोघांच्या पोटऱ्या ओरबाडून काढल्या होत्या. व्हर्नानं थैलीतून पाणसळीची नळी काढली: एका डोळ्यानं आत बघायचं, बुडबुडा रेघेवर आणायचा, रेघ समोर कुठे टेकते ते पाहायचं.

"आधी मी," ऑर्विलनं नळी हिसकावली. माथ्यावरच्या दगडावर ती टेकवून बराच वेळ पाहिलं. "घे! दक्षिण उंच. स्वच्छ दिसतंय."

व्हर्नानं नळीच्या टोकाकडे पाहिलं.

"नळी पूर्वेला धरली आहेस तू. तिकडे नुसती हवा आहे."

तो नळी खाली घेईना.

"मोतीबिंदू," शेवटी म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत."

"मग चढलास कसा, मूर्खा?"

"तुझा लाल सदरा दिसतो. तेवढाच. बघ आता तू, आणि सांग खोटं. सांगशीलच. मी असतो तर सांगितलं असतं."

व्हर्नानं नळी घेतली. बुडबुडा स्थिरावला. रेघ दक्षिण सुळक्याच्या टोकाखाली हातभर टेकली. तिनं डोळा पुसला, पुन्हा पाहिलं. हातभरच. सव्वीस वर्षं आणि हातभर दगड. हे तिच्याशिवाय कुणालाही कळणार नव्हतं. कागद तिच्या खिशात होता, आणि पुढ्यातला माणूस ती म्हणेल तिथे सही करणार होता.

"दक्षिण," ती म्हणाली. "हातभर."

"थट्टा करू नकोस."

"तुझ्याशी थट्टा करायला मला वेड लागलंय का?"

तिनं कागदावर तेच लिहिलं, खाली सही केली, आणि त्याच्या हातात पेन्सिल देऊन तो हात जागेवर टेकवला. "इथे. माझ्या नावावर चढू नकोस." त्यानं वाकडीतिकडी सही केली. आभार मानले नाहीत.

व्हर्ना उठून दोन सुळक्यांमधल्या खिंडीकडे निघाली.

"कुठे?"

"माथ्यावर. राहिलाय ना माझा."

"पाणी पुरणार नाही तुला."

"तुझ्याकडे मागायला येणार नाही. आणि इथून हलू नकोस, पडलास तर उचलणार नाही."

ती दहा पावलं गेली असेल, तोच मागून ऑर्विल ओरडला, "अर्लीनच्या नावाखाली लिही! वर जागा असली तरी खालीच!"

खिंड उतरायला आणि पलीकडे चढायला तिला तास लागला. डबा गंजून दगडाला चिकटला होता, तो तिनं टाचेनं लाथ मारून सोडवला. वहीच्या पहिल्या पानावर अर्लीनचं नाव होतं, गोल, शाळकरी अक्षर. त्याच्या वर खरंच चार बोटं जागा कोरी होती. व्हर्ना त्या जागेकडे बघत राहिली. मग पेन्सिलीला थुंकी लावली आणि खाली नाव लिहिलं. तारीख आजची घातली.

"लिहिलंस का?" पलीकडून आवाज आला. "व्हर्ना! खाली लिहिलंस का?"

तो उत्तर सुळक्यावर उभा होता, तोंड भलत्याच दिशेला. त्याला दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. व्हर्नानं खिशातले सुके जर्दाळू काढले, एक तोंडात टाकला आणि सावकाश चघळत बसली. उतरताना पुन्हा तिचाच लाल सदरा बघत यायचं होतं त्याला. तोवर ओरडू दे.