धीरजलालांचं बेसणुं

राजकोटला वजुभाई मास्तरांच्या फोनवर निरोप आला: शेजारच्या गल्लीतले त्यांचे जिवलग धीरजलाल गेले, सांत्वनाला घरी येऊन बसायचं बेसणुं गुरुवारी, चार ते सहा. वजुभाईंनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. कर्तव्य झालं असं समजून ते गुरुवारी संध्याकाळभर लोकांना सुविचार पाठवत बसले.

शुक्रवारी डेअरीवर धीरजलालांचा मुलगा हर्षद भेटला.

"मेसेज पाठवला होता, बेटा."

"पाहिला, काका. तसे दोनशे आले. बसायला अंथरलेल्या चादरीवर मात्र आम्ही घरचेच होतो. माझी बा तर सारखी दाराकडे बघत होती. म्हणाली, वजुभाई आजारी असतील, नाहीतर आले नसते का?"

'हो' म्हणून सुटावं, असं क्षणभर त्यांना वाटलं. पण मान खाली गेली.

"आजारी नव्हतो रे," ते पुटपुटले. "घरीच होतो."