खटक्यावरचा पापुद्रा

"बाई, या खेपेला खटके एकदम सरळ आले हो भट्टीतून! तरी मी सवयीनं ग्राइंडरवर हात फिरवलाच," ग्राइंडरवाले काका म्हणाले आणि शाबासकीची वाट बघत उभे राहिले.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारखान्याची भट्टी त्यांच्याकडे होती. खटका म्हणजे उंचावर रंग देणाऱ्यांच्या लोंबत्या पाळण्याचा रहाट अडवून धरणारा पोलादी तुकडा; त्याचं टोक रहाटाच्या दातात अडकतं. तो घसरला की पाळणा खाली. एरवी त्या खटक्यांना कार्ब्युरायझिंग करत, म्हणजे भट्टीत पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवत. कडक कवच जाड बसायचं, पण तेलात बुडवताना तुकडे वाकायचे आणि घासून सरळ करावे लागायचे. गेल्या खेपेला निम्मे वाकले, साहेबांनी चारचौघांत बाईंची खरडपट्टी काढली. म्हणून या वेळी त्यांनी नायट्रायडिंग निवडलं, म्हणजे कमी आचेवर नायट्रोजन मुरवणं. त्यात वाकत नाही काही, पण कवच कांद्याच्या पापुद्र्याएवढं. ते घासायचं नसतं, नाहीतर खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. हे मालाबरोबर जाणाऱ्या कार्डावर लिहायला हवं होतं, आणि बाई सरळ खटक्यांच्या आनंदात विसरल्या. आता काकांना बोलून काय उपयोग? भट्टीतून आलं की घासायचं, हा इथला वर्षानुवर्षांचा रिवाज.

"गेले कुठे ते?"

"पाण्याच्या टाकीवर. काल रहाटाला बसवले."

टाकी रंगवणाऱ्या पाळण्यात बाईंचा धाकटा दीर होता. उंचावर तो फोन खिशात ठेवत नसे, हा नियम बाईंनीच त्याला घालून दिलेला. त्या चपला हातात घेऊन धावत सुटल्या. रस्ताभर एकच भीती: आपण पोचायच्या आधीच ते पाळणा खाली घेतील. खाली घेताना सगळा भार घेऊन खटका रहाटाच्या दाता-दाताला आपटतो.

पाळणा पाच मजल्यांवर लोंबत होता. खाली रहाटावरच्या माणसानं दांडा हातात घेतला होता.

"हात काढा! दात सोडू नका!" बाई किंचाळल्या.

वरून दीर ओरडला, "वहिनी, डबा आणलात का?"

"भाऊजी, हलू नका! खटका मऊ आहे. माझी चूक झालीय!"

टाकीखालची सगळी माणसं वळून बघायला लागली. बघू देत. बाईंनी रहाटाला साखळीचे वेढे घालून घेतले आणि दिराला टाकीच्या लोखंडी शिडीवर जायला सांगितलं. पाळणा आणि शिडी यांच्यात हातभर पोकळी होती. तो पाय टाकेपर्यंत बाईंनी साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

तो उतरून येईपर्यंत त्यांनी रिकामा पाळणा साखळीवर तोलून खटका काढला आणि त्यावर कानस ओढून पाहिली. कडक पोलादावरून ती घसरते. इथे ती खरखर लागली, हातावर लोखंडाचा कीस पडला. टोक एका दिवसात गोल झालं होतं.

दिरानं त्या टोकावरून अंगठा फिरवला. मग तो तिथेच मातीत बसला.

"आईला सांगू नका," तो म्हणाला.

"सांगणार," बाई म्हणाल्या. त्यांनी खटका रुमालात बांधला. "आधी साहेबांना, मग आईंना. खटका मीच निवडला होता."