चिमणीची खूण

शिवणकारखान्याला टाळं लागलं तेव्हा घरातल्या दोन नोकऱ्या एकाच दिवशी गेल्या. नवरा तिथे सुपरवायझर होता. ती कोटांचे कागदी साचे काढायची, ज्यांच्यावर कापड बेततात ते. बाळ तेव्हा आठ महिन्यांचं होतं. सासूबाईंनी निकाल दिला, की आधी त्याचं लागू दे, तुझं काय, लेकरू मोठं झाल्यावर बघू. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे हे तिला तेव्हा सुचलंच नाही.

नोकरी शोधायच्या साइटवर त्याचं प्रोफाइल तिनेच केलं, बाळाच्या दुपारच्या झोपेत, एका हाताने झोळी हलवत. दाढी केल्यावरचा ताजा फोटो लावला. अनुभव लिहायला बसली आणि अडली. माणसं वेळेवर मशिनवर बसवणं, गठ्ठे मोजणं, यात दाखवण्यासारखं काय असणार? पान कसं उघडंबोडकं दिसत होतं. मग तिने आपल्या साच्यांचे फोटो त्याच्या पानावर चढवले आणि नावापुढे ‘पॅटर्न मास्टर’ लिहिलं.

“सध्यापुरतं,” तो म्हणाला. “तुझं लागायच्या वेळी काढून टाकू.”

सासूबाईंसमोर ती त्याला अहो म्हणायची, दोघंच असताना अरे. त्या दिवशी ती हसून म्हणाली, “अरे, पण तुला साधी बाही काढता येत नाही.”

“तू आहेस की.”

तीन आठवड्यांत एका मोठ्या कंपनीचा निरोप आला. नमुने बघून साहेब खूश होते. तेव्हापासून तो संध्याकाळी काखेत कागदाची लांब नळी घेऊन घरी यायचा, मापं सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाळ झोपलं की ती जमिनीवर खाकी कागद अंथरायची. पुढे बाळ रांगायला लागलं तेव्हा कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून त्यालाच एका कोपऱ्यावर बसवायची. वजनाला वजन, सोबतीला सोबत. कापडाचा धागा कुठल्या दिशेने ठेवायचा, हे दाखवायला साच्यावर बाण काढतात. ती बाणाच्या टोकाला चोच आणि एक ठिपका काढायची. झाली चिमणी. शिकाऊ असल्यापासूनची सवय, हात आपोआप वळायचा. बाळ त्या चिमणीवर बोट ठेवून लाळ गाळायचं.

वर्ष असं सरलं. मग त्याच कंपनीची जाहिरात आली: लहान मुलांच्या कपड्यांचा नवा विभाग, पॅटर्न मास्टर पाहिजे, खालच्या मजल्यावर पाळणाघर. पाळणाघर हा शब्द तिने तीनदा वाचला. वर आपलं टेबल, खाली आपलं लेकरू. एवढं सरळ जगात काही असू शकतं?

तिने माहेरच्या आडनावाने स्वतःचं प्रोफाइल केलं. शिक्षणाचे कागद त्याच नावाचे होते. फोटो तेच लावले, दुसरे होते कुठे? त्याला म्हणाली, तुझ्या पानावरचे आता काढ. काढतो म्हणाला. चार दिवसांनी पुन्हा म्हणाली. तो म्हणाला, काढतो म्हटलं ना.

भरतीच्या बाईंचा फोन आला तो पाचव्या दिवशी दुपारी. आवाज मऊ होता, हेच जास्त वाईट.

“तुम्ही लावलेले नमुने आमच्या मास्तरांचे आहेत.”

“माझे आहेत,” ती म्हणाली. “बाणाचं टोक बघा. चिमणी आहे ना? ती माझी खूण.”

“बघितलं. म्हणूनच फोन केला. या आठवड्यात मास्तरांनी दिलेला साचा माझ्यासमोर आहे. त्याच्यावरही चिमणी आहे. वर्षभराच्या सगळ्या साच्यांवर आहे.”

तो तिनेच परवा काढला होता. कॉलरच्या तुकड्यावर बाळाचा ओला अंगठा उमटला होता, तोही असेल तिथे.

“आम्ही मास्तरांना तुमचं पान दाखवलं. ते म्हणाले, या बाईंना मी ओळखत नाही.”

मी त्यांची बायको आहे, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, आणि खोटं पान बनवणारीला कोण घेणार होतं? झोळी हलली, बाळ रडायला लागलं.

“चुकून लागले फोटो,” ती म्हणाली.

बाईंनी पुढच्या वेळी जपा म्हणून सांगितलं. संध्याकाळपर्यंत साइटने तिचं पान बंद केलं. कारण दिलं होतं: दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवणं.

तो आला तो नळी काखेत घेऊनच. चपला काढता काढता बोलला, “एकदम विचारलं गं त्यांनी, सगळ्यांसमोर. काय सांगणार होतो?”

सासूबाई आतून म्हणाल्या, “एकाचं धड चाललंय ना घरात? मग झालं.”

त्याने नळीतून कागद काढून तिच्यापुढे ठेवला. “मुलांच्या कपड्यांचा विभागही माझ्याकडेच दिलाय. फ्रॉक आहे, दोन वर्षांच्या मुलीचा. उद्या दुपारी जमेल ना? आणि ती चिमणी विसरू नकोस हं. साहेब आता तिच्यावरूनच ओळखतात मला.”

“अहो,” ती म्हणाली. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. “माप सांगा.”

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला दूर जावं लागलं नाही. फ्रॉकच्या वयाचं लेकरू कागदाच्या कोपऱ्यावर बसलंच होतं. तिने छाती आखली, घेर आखला, मधोमध बाण ओढला. टोकाशी हात थांबला. बाळ वाट बघत होतं. मग हाताने चोच काढली, ठिपका दिला.

“चिऊ,” बाळ म्हणालं. पहिल्यांदाच म्हणालं.

सासूबाई भाजी निवडता निवडता कौतुकाने वळल्या. “हो गं माझ्या सोन्या, चिऊ! बाबांची चिऊ.”

“बाबा,” बाळ म्हणालं, आणि चिमणीवर ओलं बोट ठेवलं.