भट्टी कुणी मारली?

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालचा तो उन्हाळा. पुढे त्या गल्लीत कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, सगळं त्याच्यावरूनच मोजलं जायचं. ‘उन्हाळ्याच्या आदल्या वर्षी’ म्हटलं की ‘कुठल्या उन्हाळ्याच्या?’ असं कुणी विचारत नसे.

गल्लीच्या तोंडाशी पावाची बेकरी होती. पुढे दुकान, मागे विटांची घुमटासारखी भट्टी आणि भट्टीच्या बरोबर वर एक खोली. घरातली ही सगळ्यात उबदार खोली, म्हणून ती घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची. भट्टी बांधली सासऱ्यांनी, स्वतःच्या हातांनी, त्यामुळे खोलीही त्यांचीच. थंडीत त्या जमिनीवर अनवाणी उभं राहिलं की तळव्यांतून ऊब थेट गुडघ्यापर्यंत चढायची. म्हातारा खाटेवर बसून पाय खाली टेकवायचा आणि म्हणायचा, “जागी आहे.” म्हणजे भट्टी.

घरात एक नियम होता आणि तो सासऱ्यांच्याच शब्दांत सांगितला जायचा. “भट्टी निजवायची, मारायची नाही.” पहाटेचे पाव निघाले की निखारे राखेखाली झाकून ठेवायचे, झाकण लावायचं, झाली भट्टी निजलेली. एकेचाळीस वर्षांत ती एकदाही गार पडली नव्हती. तापलेली वीट एकदम थंडावली की तडकते, आणि घुमटाची एक वीट गेली की मागोमाग सगळा घुमट जातो, हे त्या घरात पोरासोरांनाही पाठ होतं.

सुनेला सगळे धाकटी म्हणत. थोरली जाऊ दुसऱ्या गावी बिऱ्हाड करून गेली त्याला बारा वर्षं झाली होती, पण नाव काही बदललं नाही. कानाशी केस पिकले तरी ती धाकटीच.

उन्हाचा नववा दिवस उजाडला तेव्हा धाकटीचा जीव मेटाकुटीला आला होता. पीठ मळून ठेवावं तर तासाभरात दुपटीने फुगून आंबायचं. बर्फाच्या कारखान्याने हात वर केले होते. नळाला पहाटे करंगळीएवढी धार, तीही अर्धा तास. दुपारी बारा वाजले की वीज जायची ती दिवेलागणीलाच यायची. आदल्या दिवशी समोरची इस्त्रीवाली आजी खाटेवरच गेली. लेक हाक मारायला आली तर आजी डोळे मिटून पडलेली, हातातला पंखा तसाच छातीवर. तेव्हापासून धाकटीने सासऱ्यांची खोली सोडली नव्हती.

म्हातारा खाली यायला तयार नव्हता. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. जिना चढता चढताच त्या म्हणाल्या, “या खोलीत माणूस ठेवलाय की पाव?” मग म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन गंभीर झाल्या. “घाम येतोय का बघत राहा. घाम थांबला तर माझी वाट बघू नका. गार जागी न्या, अंगावर पाणी घाला.”

नवऱ्याने आणि शेजारच्या न्हाव्याने मिळून म्हाताऱ्याला उचलायचा प्रयत्नही केला. म्हाताऱ्याने चौकट अशी धरली की बोटं सोडवता सोडवता न्हाव्याचा पाय अरुंद जिन्यावरून सटकला आणि तिघंही गडगडता गडगडता वाचले. “चौघांच्या खांद्यावरच उतरेन इथून,” म्हातारा धापा टाकत म्हणाला. “दोघं कशाला आलात?”

“बाबा, हट्टालाही काही हद्द असते,” नवरा म्हणाला.

“ही भट्टी मी बांधली तेव्हा तू रांगत होतास. मला हद्द शिकवतोस?”

धाकटीने नवऱ्याला बाजूला घेतलं. “अहो, ते उतरत नाहीत तर भट्टी तरी बंद करा. आज राख काढून टाका. हळूहळू निवेल.”

“हळूहळू म्हणजे पाच दिवस. पाच दिवसांत ऊनच उतरेल.”

“नऊ दिवस तेच म्हणताय.”

“अगं, बाबांचा जीव आहे त्या भट्टीत.”

“म्हणूनच म्हणतेय,” धाकटी म्हणाली. पण तो तोवर खाली गेला होता.

दुपारी एकच्या सुमाराला ओली चादर वाळून गेली म्हणून तिने ती बदलायला घेतली. चादरीखालचं अंग कोरडं ठणठणीत होतं. कपाळ कोरडं, मान कोरडी, काखसुद्धा कोरडी. हात लावला तर चटका. म्हातारा छताकडे बघत पुटपुटत होता. “धाकटे, गारठा पडलाय गं आज. भट्टीत दोन लाकडं जास्त टाकायला सांग.”

“मामंजी, अहो, उन्हाळा आहे.”

“मला नको शिकवू. पाय बघ कसे बर्फ झालेत.”

ती जिना उतरली तो पायऱ्या मोजल्याच नाहीत. दुकानात सावलीला तिघं बसले होते. नवरा, न्हावी आणि नणंदेचे यजमान. हे शाळेत विज्ञान शिकवायचे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. ऊन का पडलंय यावरून तिघांची रोज जुंपायची, तशी आजही जुंपली होती.

“रस्ता रुंद करायला पन्नास झाडं पाडली,” नवरा मांडीवर थाप मारत म्हणत होता. “मी मोजलीत. आणि आता विचारतात ऊन कुठून आलं!”

“झाडं आपल्या रस्त्याची पाडली, तुझ्या थोरल्या भावाच्या गावी का तापलंय मग?” न्हावी म्हणाला. “मी सांगतो. ही जी यानं सोडतात ना वर, त्यांनी आभाळाला भोकं पाडलीत. गिऱ्हाइकं बोलतात, माझ्या मनाचं नाही.”

“तुझी गिऱ्हाइकं मान खाली घालून बोलतात, त्यांना आभाळ कुठून दिसणार?” मास्तर म्हणाले. “अरे, धूर. जगभरचा धूर. गिरण्यांचा, गाड्यांचा, चुलींचा. तो वर गोधडीसारखा पसरतो आणि ऊब खालीच कोंडते. आणि राग मानू नका, पण ही तुमची भट्टीही त्यात आलीच.”

नवऱ्याचा चेहरा उतरला. “म्हणजे साऱ्या जगाचं ऊन माझ्या भट्टीतून निघतंय? एकेचाळीस वर्षं लोकांना पाव घातले, त्याचं हे खापर?”

“असं कुठे म्हटलं मी...”

“भावजी, पुरे,” धाकटी म्हणाली. तिघांनी वळून पाहिलं. तिने आजवर त्या बैठकीत कधी तोंड उघडलं नव्हतं. “जगाच्या उन्हाचं मला ठाऊक नाही. वरच्या खोलीतलं ऊन मात्र या भट्टीतूनच निघतंय. मामंजींचा घाम थांबलाय.”

नवरा उठला, पण जागच्या जागी. त्याचे डोळे जिन्याकडे गेले, मग भट्टीकडे, मग पुन्हा जिन्याकडे. तो उचलायला गेला असता तर म्हातारा पुन्हा चौकट धरणार, आणि त्या झटापटीतच संपणार, हे दोघांनाही कळत होतं. खाली भट्टी धगधगत असताना वर कितीही पाणी ओतलं तरी ती खोली निवणार नव्हती.

तिने भट्टीचं झाकण ओढून काढलं. लांब दांड्याच्या फावड्याने राखेसकट निखारे मागच्या अंगणात ओढले. कोपऱ्यात दोन पिंपं होती, उद्याच्या पिठाचं पाणी, घरातलं सगळं पाणी. तिने बादली बुडवली.

“अगं, तडकेल ती!” नवरा ओरडला.

“तडकू दे.”

पहिली बादली आत गेली आणि वाफेचा लोट असा उसळला की तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तिने दुसरी ओतली, तिसरी ओतली. सातव्या की आठव्या बादलीला आतून आवाज आला. मोठा नव्हता. वाळलेलं हाड मोडावं तसा, एकच. पण तो ऐकून नवऱ्याने कानांवर हात ठेवले.

मग वर काठी आपटली.

ठक. ठक. खाट करकरली. जिन्याच्या तोंडाशी दोन सुकलेली पावलं दिसली. म्हातारा बसत बसत, एकेक पायरी ढुंगण टेकवत खाली येत होता. नऊ दिवस ज्याला डॉक्टरीणबाई, मुलगा, शेजारी कुणी हलवू शकलं नाही, तो त्या एका आवाजाला उतरला. डोळे लाल, पण त्यांत ओळख होती.

“भट्टी कुणी मारली?”

त्याने पायरीवर काठी आपटली.

“विचारतोय मी. कुणी मारली?”

“मी,” धाकटी म्हणाली.

त्याने तिच्या भाजलेल्या हाताकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि खालून चौथ्या पायरीवरून तो पुढेच कोसळला. नवऱ्याने झेलला. पिठाच्या कोठीत फरशी होती, खिडकी नव्हती, त्यामुळे तीच काय ती गार जागा. तिथे त्याला निजवलं. “पाणी!” नवरा ओरडला, आणि तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की दोन्ही पिंपं तिने रिकामी केली आहेत. घरात प्यायलाही थेंब नव्हता. तिने भिंतीवर डोकं आपटून घेतलं.

मास्तर अनवाणी धावत सुटले. दारोदार तांब्याभर, पेलाभर मागत फिरले, आणि त्या दिवसांत तेवढंसुद्धा कुणाला जड होतं. न्हावी त्याची दाढीच्या पाण्याची बादली घेऊन आला. त्यात साबणाचा फेस होता, केस होते. तेच पाणी पोत्यांवर ओतून ती पोती म्हाताऱ्याच्या मानेखाली, काखेत, पोटावर ठेवली. धाकटी भाजक्या हाताने पुठ्ठा हलवत राहिली. चार वाजता म्हाताऱ्याच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब आला. तो पुसायला नवऱ्याचा हात पुढे गेला, तर धाकटीने तो हात धरला. “राहू द्या,” ती म्हणाली. “मला बघू द्या.”

तिसऱ्या दिवशी भट्टीचा घुमट बसला. ऊन आणखी अकरा दिवस राहिलं आणि गल्लीतली तीन माणसं घेऊन गेलं.

सासरे त्यानंतर दोन हिवाळे जगले, त्याच खोलीत. धाकटी रोज संध्याकाळी त्यांच्या पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवायची. ते पाय लावून बघायचे आणि “ही जागी नाही” म्हणून तोंड फिरवायचे. पिशवी मात्र कधी परत दिली नाही.

नवरा तिच्याशी चार महिने बोलला नाही. विजेची भट्टी आली, लोखंडी, कपाटासारखी. पहिल्या दिवशी काम उरकून धाकटी बटण बंद करत होती, तेव्हा मागून त्याचा आवाज आला, “निजवलीस का?” ती हो म्हणाली. दोघं त्यावर पुढे कधीच बोलले नाहीत. तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली.

न्हाव्याचं दुकान त्याच्या पुतण्याने वाढवलं. तिथे आता गार हवेचं यंत्र आहे आणि आभाळाची भोकं कुणी काढत नाही. मास्तर पंच्याऐंशी वर्षं जगून गेले. धुराची ती गोष्ट पुढे वर्तमानपत्रात रोज यायला लागली, तेव्हा कुणी म्हणालं, “मास्तर, तुमचंच खरं झालं.” ते म्हणाले, “झालं खरं. पण त्या दिवशी मी बोलत बसलो होतो, आणि बादली तिने उचलली.”

धाकटी अजून आहे. तिचा उजवा हात कोपरापर्यंत गुळगुळीत आहे, त्यावर लव उगवत नाही. ती आता घरातली सगळ्यात मोठी, म्हणून वरची खोली तिची. आता तसे उन्हाळे दरसालच येतात. ऊन वाढलं की नाती तिला खाली न्यायला येतात. ती एका हाकेला उठते आणि मुकाट जिना उतरते.